एकच हात, तोही पातळ

“रविवारी संध्याकाळी मी या ओट्यावर बसून चहा पिणार! आणि नाही प्यालो, तर खुशाल फरशी बसवा, वॉशिंग मशीन ठेवा, मी चकार शब्द काढणार नाही!”

खिडकीकाकांनी ही गर्जना केली तेव्हा त्यांचं तोंड टूथपेस्टच्या फेसाने भरलेलं होतं. त्यामुळे निम्मीच कळली. पण काकूंना निम्मी पुरते.

“ऐकलं,” काकू म्हणाल्या. “रविवारी दुपारी माझा भाऊ येतोय, फरशीचे नमुने घेऊन. तोवर काय दिवे लावायचे ते लावा.”

खिडकीकाका हे नाव गल्लीने ठेवलेलं. वीज कंपनीच्या तक्रार खिडकीत ते इतकी वर्षं बसत होते, की त्यांना कमरेखाली पाय आहेत हे बऱ्याच ग्राहकांना ठाऊकच नव्हतं. एकेक माणूस खिडकीत तोंड घालायचा आणि विचारायचा, “वीज कधी येणार?” जणू काकांनीच ती डब्यात भरून घरी नेली होती! काका ठरलेलं उत्तर द्यायचे, “तक्रार घेतलीय. थोडी कळ काढा.” आणि मग म्हणायचे, “पुढचे!”

घरी आले की घरचे. “अहो, गॅसवाल्याला फोन केलात?” “बाबा, माझा चार्जर कुठाय?” “अरे, माझ्या गोळ्या आणल्यास का?” फरक एवढाच, की इथे “पुढचे!” म्हणायची सोय नव्हती.

या सगळ्यातून सुटायला काकांना एकच जागा होती. मागच्या दारचा लाकडी ओटा. घर विकणाऱ्याने त्याला ऐटीत ‘डेक’ म्हटलं होतं, पण घरातले ओटाच म्हणत. ऊन-पावसाने तो राखाडी पडला होता, फळ्या उचकटल्या होत्या, जागोजागी खिळ्यांनी डोकी वर काढली होती. कोणती फळी दगा देते हे फक्त काकांना माहीत, म्हणून दुसरं कुणी तिकडे पाऊल टाकत नसे. रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन काका बरोबर फळ्या चुकवत खुर्चीपर्यंत जायचे आणि अर्धा तास बसायचे. त्या अर्ध्या तासात त्यांना कुणी काही विचारत नसे. त्याच्याच जोरावर ते दुसऱ्या दिवशी खिडकीत बसू शकत.

आणि गेल्या आठवड्यात काकू कपडे वाळत घालायला त्या ओट्यावरून गेल्या. एक फळी मोडली आणि काकूंचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला! पायाला काही झालं नाही. ओट्याचे दिवस मात्र भरले; तो उखडून तिथे फरशी बसवायची, असं काकूंनी ठरवलं.

काकांनी गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली. कुजलेल्या फळ्या काढल्या, नव्या ठोकल्या. ठोकताना अंगठाही ठोकला. मग लाकूड घासायचं मशीन भाड्याने आणलं. ते चालू केल्यावर काका त्याला धरून आहेत की ते काकांना धरून आहे, हे कळेना. भुशाचा असा लोट उठला की दोरीवरचे कपडे, कुंड्या आणि काका एकाच रंगाचे झाले.

“अहो, कपडे!” काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडल्या.

“काय?”

“कपडे, कपडे!”

“घातलेत की!” काका मशीनच्या आवाजावर ओरडले.

शुक्रवारी दुपारपर्यंत पाठ बोलायला लागली, गुडघे कुरकुरायला लागले. पण राखाडी थराखालून लाकूड असं उजळ निघालं की काका बघतच राहिले. संध्याकाळी त्यांनी लाकडाला लावायच्या तेलाचा डबा उघडला. रंगाच्या दुकानदाराने बजावलं होतं, “एकच हात, तोही पातळ. जास्तीचं फडक्याने पुसून घ्या. जाड बसलं तर वाळता वाळत नाही.”

काकांनी एकच हात मारला, तोही पातळ. प्रत्येक फळी पुसून घेतली. मग दारात उभं राहून जाहीर केलं, “कुणी हात लावायचा नाही! उद्या दिवसभर वाळू दे.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. इथेच काकांनी सावध व्हायला हवं होतं. कारण या घरातलं कुणीही दुसऱ्याचं काम आहे तसं राहू देत नसे. आणि तोंडाने बोलूनही दाखवत नसे! उगीच कशाला मन दुखवा? भाजीत मीठ कमी वाटलं, की आजी गुपचूप घालायच्या. मग लेक गुपचूप घालायची. काकूंनी आधीच घातलेलं असायचं. पानावर बसल्यावर सगळे गुपचूप पाणी प्यायचे.

शनिवारी सकाळी काकांना ऑफिसातून बोलावणं आलं. अर्ध्या शहराची वीज गेली होती आणि ती कधी येणार हे विचारायला अर्धं शहर खिडकीशी आलं होतं. काका गेले ते दिवेलागणीला परतले. पाय ओढत मागच्या दाराशी आले आणि त्यांचा शिणवटाच पळाला. ओटा आरशासारखा चमकत होता!

“याला म्हणतात काम!” ते स्वतःशीच म्हणाले. एका पातळ हातात एवढी चमक कुठून आली, हे विचारण्याइतकं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. ते जेवले आणि आडवे झाले.

रविवारी दुपारी मेहुणा आला. एका हातात फरशीचे नमुने, दुसऱ्यात मोजपट्टी, पायात कोरे करकरीत बूट. प्रत्येक गोष्टीतलं त्याला कळतं, असं त्याचं स्वतःचं मत होतं.

“वा, भावोजी! दिसतोय तर छान,” म्हणत तो थेट ओट्यावर गेला, मधोमध उभा राहिला आणि वळायला गेला. तो वळला, बूट वळले नाहीत!

“भावोजी, हे काय?”

“काय झालं?”

“मला धरलंय याने!”

“जोर लाव!”

मेहुण्याने जोर लावला. पाय सुटला तो बुटातून. तो पाय त्याने तोल सावरायला शेजारी टेकला, तर मोजा तिथेच राहिला. दुसऱ्या पायाचंही तेच झालं. “थांब, यावर पाय ठेव!” म्हणत काकूंनी वर्तमानपत्र फेकलं, ते चिकटलं. घाईत मेहुण्याच्या हातून फरशीचा नमुना पडला, तो तर असा बसला की गवंड्यालाही जमलं नसतं! शेवटी तो अनवाणी उड्या मारत घरात शिरला आणि काकूंनी सकाळीच पुसलेल्या फरशीवर, दारापासून सोफ्यापर्यंत, तेलाची पावलं उमटली.

काका वाकले. बोट लावून बघितलं. बोट मोठ्या मिनतवारीने परत आलं.

“मी एकच हात मारला होता,” ते पुटपुटले. “पुसूनही घेतला होता.”

 

“कडेच्या फळ्या जरा फिक्या दिसत होत्या,” काकू म्हणाल्या. “म्हणून काल सकाळी मी फक्त एक हात फिरवला.”

“तू फिरवलास?” आजी चमकल्या. “अगं, मला वाटलं याचा राहूनच गेलाय. दमतो बिचारा. मी दुपारी स्टुलावर बसून सावकाश एक हात दिला. चांगला जाड दिला.”

काकांनी लेकीकडे पाहिलं.

“बाबा, डब्यात थोडंच उरलं होतं,” ती म्हणाली. “मग मी संपवून टाकलं. तुमचंच काम हलकं झालं ना!”

काकांना ओरडायचं होतं. पण कुणावर? तिघींनी मायेने केलं होतं, आणि मायेची तक्रार कुठल्या खिडकीत करायची असते हे इतकी वर्षं नोकरी करूनही त्यांना माहीत नव्हतं. ते पायरीवर बसले. अंगठा ठणकत होता, पाठ ठणकत होती, आणि तो रोजचा अर्धा तास हातातून निसटत होता. त्यांना खरंच रडू यायच्या बेतात होतं.

“मग फरशीच!” मेहुणा पावलं चोळत म्हणाला. “मी मापं घेऊ का?”

हे ऐकताच काका उठले.

“थांब! संध्याकाळी ओट्यावर बसून चहा पिईन असं मी म्हटलं होतं. ओटा वाळलेला असेल असं म्हटलं नव्हतं. चहा टाका!”

काकूंनी चहा टाकला. काकांच्या आवाजात एवढा दम त्यांनी कधी ऐकला नव्हता. एका हातात खुर्ची, दुसऱ्यात कप घेऊन काका निघाले. चपला दर पावलाला चर्रर्र आवाज करत उचलल्या जात होत्या. मधोमध खुर्ची टेकली, काका बसले आणि चहाचा पहिला घोट घेतला.

“जिंकलात!” काकू खिडकीतून हसल्या. “राहिला तुमचा ओटा. नाही बसवत फरशी.”

काकांनी डोळे मिटले. एकही फळी हलत नव्हती. चहा गरम होता, आणि कुणी काही विचारत नव्हतं. पाच मिनिटं अशी सुखाची गेली की अंगठ्याचा ठणकासुद्धा थांबला.

मग पाय जरा लांब करावेत म्हणून ते चप्पल उचलायला गेले. चप्पल उचलली गेली नाही. दुसरीही नाही. खुर्ची मागे सारून पाहिली, तीही हलेना.

“अगं, चपला अडकल्यात! मी अनवाणीच येतो!”

“खबरदार!” काकू कडाडल्या. “आत्ताच फरशी दुसऱ्यांदा पुसलीय. हा चिकटा सोडवायला भाऊ टर्पेंटाइन आणायला गेलाय. ते येईपर्यंत बसा तिथेच!”

काका बसले. कुठे जाणार? आणि काका आता कुठेही जाऊ शकत नाहीत, ही बातमी घरभर पसरायला वेळ लागला नाही. स्वयंपाकघराची खिडकी पूर्ण उघडली.

“अहो, आता बसलाच आहात तर सांगा, गॅसवाल्याचं काय झालं?”

“उद्या येतोय.”

काकूंच्या जागी लेकीचं तोंड आलं. “बाबा, आता फळ्या मोडत नाहीत ना? मग रोज संध्याकाळी मैत्रिणींना इथे बोलावू?”

काकांच्या घशात चहा अडकला. तेवढ्यात लेकीला बाजूला सारून आजी पुढे झाल्या. “अरे, मीही माझी खुर्ची इथेच टाकणार हो उद्यापासून. तुलाही सोबत. आणि गोळ्या आणल्यास का?”

“आणल्यात. कपाटात आहेत.” काकांनी थंडगार चहाचा घोट घेतला आणि अंगवळणी पडलेलं तोंडातून निघून गेलं, “पुढचे!”

खिडकीत मेहुण्याचं तोंड आलं. पायात काकूंच्या गुलाबी स्लिपर, हात रिकामे.

“टर्पेंटाइन कधी येणार?” काकांनी विचारलं.

“दुकान बंद आहे, भावोजी,” मेहुणा म्हणाला. “उद्या बघू. थोडी कळ काढा.”