मोटारीचं दावं

शेंदूरजनाघाटला सूर्यभानजींच्या गोठ्यात दोन बैल, एक म्हैस, एक पारडू, अकरा कोंबड्या आणि एक विलायती मोटार होती. मोटार दोनच माणसांची, बुटक्या दारांची, वर कापडी टप असलेली. कापसाच्या जिनिंगचा एक गोरा मॅनेजर ती शर्यतीत पळवायचा. सत्तेचाळीस साली मायदेशी जाताना त्याने ती सूर्यभानजींना विकली. पुढची बारा वर्षे ती संत्र्यांचे दोन दोन पेटारे घेऊन बाजाराला जात राहिली. पावसाळ्यात नाल्यात फसली की हेच दोन बैल तिला ओढून काढत.

आता ती विकायची होती. संत्र्यांची बाग पाणी तोडून ताणावर सोडली होती आणि संक्रांतीपासून पाणी द्यायचे होते. मोटेच्या पाण्यावर निम्मीच झाडे भिजत, बाकीच्यांचा बहार दरवर्षी गळून जाई. वरुडच्या एका बागवाल्याकडे एक वापरलेले ऑइल इंजिन, पंपासकट, अठराशे रुपयांना होते. तो संक्रांतीपर्यंत थांबायला तयार होता, पुढे एक दिवसही नाही.

मोटारीचा वाजवी भाव काढायला सूर्यभानजींच्या पत्नी रुख्मिणीबाईंनी आपल्या धाकट्या भावाला बोलावले. रामराव बी.एस्सी. झालेले, अमरावतीला कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होते.

"बाजारभाव काढायचा तर तशाच तीन-चार वस्तूंचे व्यवहार पाहावे लागतात," रामराव म्हणाले. "साऱ्या वऱ्हाडात अशी मोटार एकच आहे."

"म्हंजे भाव नाई तिले?" सूर्यभानजींनी विचारले.

"आहे. पण मोजावा लागेल."

त्यांनी आठ दिवस चौकशी केली. अमरावतीच्या मिस्त्रीने लोखंड आणि टायर धरून चारशे सांगितले. अकोल्याच्या एका वकिलांनी साडेतीन हजार सांगितले, कारण त्यांनी मोटार पाहिली नव्हती. मुंबईच्या वर्तमानपत्रात तशाच मोटारीची जाहिरात होती, सव्वीसशेची. रामरावांनी तिन्हींची सरासरी काढली, झिजलेल्या टायरांचे दोनशे आणि फाटक्या टपाचे एकशे वीस वजा केले. उत्तर आले अठराशे शेहेचाळीस रुपये सदुसष्ट नये पैसे.

"सदुसष्ट पैसे सोडून देऊ आपन," सूर्यभानजी म्हणाले.

गिऱ्हाईक अकोल्याच्या जुन्या शहरातून आले. खुशालराव कापसाचे व्यापारी. उघड्या मोटारीत बसले की माणूस सगळ्यांना दिसतो, एवढेच कारण त्यांना पुरेसे होते. सोबत नत्थुजी होते. नत्थुजी बैलबाजाराचे दलाल. त्यांच्याशिवाय खुशालरावांनी आजवर चार पायांचे काही घेतले नव्हते, आणि चाके चारच होती.

नत्थुजींनी मोटारीभोवती दोन चकरा मारल्या, टायर खुराएवढ्या बारकाईने पाहिले आणि तिच्या पाठीवर थाप दिली.

"खोड काय हाय तिची?"

"डाव्या अंगाले ओढते," सूर्यभानजी प्रामाणिकपणे म्हणाले. "पानी लय पेते. चढावर बसते कधी कधी. बॅटरी तीन वर्सांपासून मेली हाय, पन पुढून हँडल मारलं का पह्यल्या फेऱ्यात उठते."

"मारकी नाई ना?"

"हँडल उलटं फिरलं तं मनगटाले लागते. एरवी गरीब हाय."

नत्थुजींनी खांद्यावरचे उपरणे सोडले. त्याखाली आधी एकाची बोटे दाबली, मग दुसऱ्याची. तीन वेळा असे झाले. मग त्यांनी उपरणे झटकून खांद्यावर टाकले. सौदा अठराशे पन्नासला झाला होता. रामरावांच्या हिशेबात तीन रुपये तेहतीस पैशांची चूक निघाली. त्यांना ती मान्य होती. हजार रुपये लगेच मिळाले. उरलेले साडेआठशे, मोटार अकोल्यात खुशालरावांच्या दारी सुरू झाली की.

रुख्मिणीबाईंनी मोटारीच्या नाकाडाला हळद-कुंकू लावले, टपावरून हात फिरवला. मग पुढचे हँडल उपसून घेतले आणि गोठ्यातल्या खुंटीला टांगले.

"ताई, ते मोटारीचं आहे," रामराव म्हणाले.

"मले मालूम हाय. जनावर दिलं तरी दावं घरीच राह्यते. दाव्यासंगं गोठ्याची बरकत जाते."

"हे जनावर नाही."

"बारा वर्सं गोठ्यात काय करून राह्यली होती मग?"

रामरावांनी आशेने खुशालरावांकडे पाहिले. खुशालरावांचे घरही शेतीवाल्यांचेच होते. ते म्हणाले, "बाई बरोबर बोलून राह्यल्या. दावं मांगनारा मी कोन? आमच्याही घरी देत नाईत."

"पण मोटार सुरू कशी कराल?"

"उतार हाय ना."

उतार होता. चौघांनी लोटली, मोटार धडधडली आणि खुशालराव नत्थुजींना शेजारी बसवून निघून गेले. वाटेत त्यांनी इंजिन बंद केले नाही. अमरावतीला चहासुद्धा मोटारीतच घेतला.

पाचव्या दिवशी खुशालराव आणि नत्थुजी बसने परत आले. साडेआठशे रुपये खिशात होते, पण ते खिशातच राहिले.

"दारी पोचली अन् बंद पडली," खुशालराव ओसरीवर बसत म्हणाले. "आमच्या गल्लीले उतार नाई. पह्यल्या दिवशी शेजाऱ्यायनं लोटली. दुसऱ्या दिवशीई लोटली. काल मी धोतर नेसून बाहेर आलो तं साऱ्या गल्लीनं दारं लावून घेतली."

"दुसरं हँडल करून घ्या," रामराव म्हणाले.

"लोहारानं केलं. मोडलं. मुंबईहून दोन महिने लागतात म्हनते."

संक्रांतीला नऊ दिवस उरले होते. सूर्यभानजींनी खुंटीकडे पाहिले. रुख्मिणीबाईंनी सूर्यभानजींकडे पाहिले. सूर्यभानजींनी पाहणे बंद केले.

"ताई, ह्याचा विचार शास्त्रीय रीतीनं करू," रामराव म्हणाले. "हँडलासह मोटार अठराशे पन्नासची. हँडलाशिवाय मिस्त्रीचा भाव, चारशे. म्हणजे खुंटीवरच्या हँडलाची वाजवी किंमत साडेचौदाशे."

रुख्मिणीबाईंनी खुंटीवरचे हँडल नीट पाहून घेतले. "साडेचौदाशेच्या दांडक्यानं मी बारा वर्सं कुत्रे हाकलले?"

"म्हणून म्हणतो, देऊन टाक."

"तवा त मुळीच देनार नाई. इंजन मलेच पायजे, बहार माह्याच डोळ्यासमोर गळते, पन दावं नाई देत."

"देऊ नका बाई," खुशालराव घाईने म्हणाले. "मी मांगतलंच नाई."

नत्थुजी इतका वेळ गोठ्यात बैलांजवळ उभे होते. तिथूनच त्यांनी विचारले, "सूर्यभानजी, इंजन आल्यावर मोट चालू ठेवता का?"

"इंजन असल्यावर मोट कायले?"

"मंग हे दोघं बसून खातीन. मोटार त्यायच्या वळखीची हाय. रोज सकाळी पन्नास पावलं ओढली का ती उठते."

उपरणे पुन्हा सुटले. बैलजोडी साडेसहाशेला गेली. खुशालरावांनी मोटारीचे साडेआठशे आणि बैलांचे साडेसहाशे तिथेच मोजले. वरचे पैसे आणि नवी दावी त्यांनी येतानाच आणली होती, नत्थुजींच्या सांगण्यावरून. रुख्मिणीबाईंनी जुनी दोन्ही दावी सोडून घेतली, बैलांच्या कपाळाला कुंकू लावले आणि दावी हँडलाशेजारी टांगली.

"खिडकीतून पाह्यलं तं बैल पुढं अन् मोटार मागं, असं दिसन ना लोकायले?" निघताना खुशालरावांनी नत्थुजींना विचारले.

"पन तुमी वरच बसाल ना," नत्थुजी म्हणाले. "दिसाल तं सारखेच."

संक्रांतीच्या दिवशी इंजिन शेजाऱ्याच्या बैलबंडीतून वरुडहून आले. विहिरीच्या काठावर बसवले, पंपाला पट्टा चढवला, तेल घातले. सूर्यभानजींनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि बंडीत वाकून पाहिले.

"हँडल कुठं हाय?" रुख्मिणीबाईंनी विचारले.

बंडी हाकणाऱ्याने डोके खाजवले. "बागवाल्याच्या मायनं ठेवून घेतलं. म्हने, पंधरा वर्सं पानी देल्लं यानं, दावं आमी देत नसतो."

सूर्यभानजींनी मान डोलावली. "बरोबर हाय त्यायचं."

रामरावांनी मोटारीचे हँडल आणून लावून पाहिले. ते पाव इंच बारीक होते, नुसतेच आत फिरत होते. रामराव विहिरीच्या कठड्यावर बसले. वाफे तयार होते. मोट सोडून ठेवली होती, आणि ती ओढणारे बैल अकोल्याला मोटार ओढत होते.

रुख्मिणीबाई उठून गोठ्यात गेल्या. येताना त्यांच्या हातात दोन्ही दावी होती.

"रामा, ह्या मोठ्या चाकाले गुंडाळून ओढलं तं?"

रामरावांनी चाकाकडे पाहिले, मग दाव्यांकडे. दोन्ही दावी एकमेकांना गाठ मारून जोडली, चाकाला वेढे दिले. तिघांनी टोक धरले.

जोडून दाव्यांची लांबी साडेतेरा फूट भरली. इंजिन चौथ्या ओढीला चालू झाले. दिवस मावळेपर्यंत एकशे बारा झाडांना पाणी मिळाले.