भोयर काकांचं लाल कार्ड

भोयर काकांच्या घरात मिक्सर दुरुस्त करायचा असला तरी परवाना लागतो.

ही अतिशयोक्ती नाही. मी चळवळीतली मुलगी आहे, पत्रकं लिहिते. अतिशयोक्ती कशी करतात ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि ही ती नव्हे. पंख्याला तेल द्यायचं असो, ट्यूबलाइट बदलायची असो, काका आधी बटण बंद करतात आणि मग त्या बटणाला दोरीनं एक लाल कार्ड बांधतात. कार्डावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं असतं: ‘डेंजर. हात लावू नये. माणूस कामावर आहे.’ खाली नाव. ज्याचं नाव त्यानंच कार्ड काढायचं. दुसऱ्यानं काढायचं नाही. राष्ट्रपती दारात आले तरी नाही.

काका खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. त्यांच्या भाषेत ‘पॉवर हाऊसले’. काका निवृत्त झाले, पॉवर हाऊस काही झालं नाही. ते जरीपटक्याच्या अलीकडच्या या दुमजली घरात राहायला आलं. इथे स्वयंपाकघर म्हणजे बॉयलर. काकी माहेरी गेल्या की ‘शटडाऊन’. आणि वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी मी म्हणजे ‘कॉन्ट्रॅक्ट लेबर’. मी! जिनं कंत्राटी कामगारांसाठी भर उन्हात गेटसभा घेतल्या!

‘काका, हा कामगारांचा अपमान आहे,’ मी म्हटलं.

‘अपमान काहून वं पुढारीन बाई? हुद्दा आहे थो. तुह्या पार्टीत तुले हुद्दा आहे का?’

नव्हता. मी विषय बदलला.

ही लाल कार्डं कशाची? माझ्याच फलकांची. मोर्चा झाला की लाल पुठ्ठ्याचे फलक मी जिन्याखाली ठेवते, पुढच्या मोर्चाला लागतात म्हणून. काका ते कात्रीनं कापतात. एकदा गीझरचं कार्ड उलटून पाहिलं तर मागे माझ्याच अक्षरात ‘जनतेचा’ एवढंच होतं. जनतेचा काय, ते पंख्याच्या कार्डावर गेलं होतं. मी तीव्र निषेध नोंदवला. काकांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले, ‘पुठ्ठा चांगला वापरते तू. मजबूत राह्यते.’

एकदा त्यांनी पंपाच्या बटणाला कार्ड लावलं आणि तसंच कळमेश्वरला कुणाच्या तरी लग्नाला निघून गेले. घरात पाण्याचा थेंब नाही. मी फोन लावला.

‘काका, कार्ड काढते हं.’

‘माह्यं नाव आहे ना त्याच्यावर? मंग मी येईन तवा काढीन.’

‘पाणी हा मूलभूत हक्क आहे!’

‘मले माहीत आहे. अन् तारेवर मानूस चढला असन अन् खाली कोनं बटन दाबलं, त मंग त्याचा कोनता हक्क राह्यते? सांग बरं?’

असं बिनतोड काही कुणी बोललं की मला फार राग येतो. शेवटी काकांनीच एक तरतूद सांगितली. ज्याचं कार्ड तो माणूसच हाती लागत नसेल, तर शिफ्ट इन्चार्जनं त्याच्या नावानं तीनदा हाक मारायची, तो गेटाबाहेर गेला आहे याची स्वतः खात्री करायची, आणि मग आपल्या जबाबदारीवर कार्ड काढायचं.

‘शिफ्टले कोन आहे आता?’ काकांनी विचारलं.

‘सुमनकाकी आहेत.’

‘तिले दे फोन.’

काकी पदराला हात पुसत आल्या. फोन स्पीकरवर होता. सगळं ऐकून म्हणाल्या, ‘नाव घेऊ मी तुमचं? आता या वयात? गल्ली हासन मले.’ मग त्यांनी मधला मार्ग काढला. न्हाणीघराकडे तोंड करून म्हणाल्या, ‘अहो!’ जिन्याकडे पाहून, ‘अहो!’ गेटाशी जाऊन गल्लीत दोन्हीकडे पाहिलं आणि जोरात, ‘अहो!’

फोनमधून काकाच म्हणाले, ‘हं. कोनी नाही ना? मंग काढ.’

मी जिन्यावर बसून हसले. खूप हसले. चळवळीत हसायला फारसा वाव नसतो.

काकी भजनी मंडळात गायच्या. त्यांच्याकडे डब्याएवढा एक विजेवरचा तानपुरा होता. रोज सकाळी देवघराशेजारच्या फळीवर तो सुरू व्हायचा आणि सगळं घर घुमायला लागायचं. काका पेपराच्या आडून म्हणायचे, ‘लागलं वं टर्बाइन.’ काकी म्हणायच्या, ‘लागू द्या. तुमच्या टर्बाइननं कोनाले देव भेटला?’ हे रोज. अक्षर न बदलता. मी वर खोलीत दात घासताना ऐकायची आणि मनात म्हणायची, या दोघांना काही नवीन मुद्दा कसा सुचत नाही?

मागच्या वर्षी काकी ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेल्या. निघताना त्यांनी तानपुऱ्याचं बटण बंद केलं, जिन्याखालून लाल पुठ्ठ्याचा तुकडा आणला, त्यावर तिरप्या अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं आणि दोरी बांधली. ‘माह्यं मी येऊन काढीन,’ त्या काकांना म्हणाल्या. ‘तोवर हात लावाल त पाहा.’

‘परवाना मंजूर,’ काका म्हणाले.

काकी परत आल्या नाहीत.

कार्ड राहिलं. काही महिन्यांनी भजनी मंडळातल्या बाया तानपुरा मागायला आल्या. काका म्हणाले, ‘कार्ड आहे तिचं.’ बाया चहा पिऊन गेल्या. कुणी वाद घातला नाही. मीही नाही, आणि मी वाद घालायला बस बदलून जाणारी मुलगी आहे.

आता मॉडेमकडे येते.

घरात ब्रॉडबँडचं एकच कनेक्शन, काकांच्या नावावर. मॉडेम त्यांच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या वर. आमच्या गल्लीच्या टोकाला मोकळी जागा आहे. पोरं तिथे क्रिकेट खेळतात, संध्याकाळी म्हाताऱ्या बसतात. तिथे पैसे घेऊन गाड्या लावू देणारा वाहनतळ करायचा महापालिकेचा बेत होता. हरकती ऑनलाइनच घेणार, आणि त्या दिवशी संध्याकाळी पाचला मुदत संपणार. मी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या होत्या. (काकांनी आधी जागेची पाहणी केली, मग सहीपुढे लिहिलं, ‘तपासले, ठीक आढळले.’) सह्यांची पानं, फोटो, नकाशा, सगळं स्कॅन करून तयार होतं. फक्त पाठवायचं राहिलं होतं. आणि दुपारी मॉडेम मेला. एकही दिवा नाही.

मोबाईलवरून प्रयत्न केला. आमच्या गल्लीत रेंज पाहुण्यासारखी येते. फाइल अर्ध्यावर गेली की पोर्टल सांगायचं, ‘आपले सत्र समाप्त झाले आहे.’ जनतेचं सत्र असं समाप्त करतात हे लोक! शेजाऱ्यांकडे जाऊन उपयोग नव्हता. त्यांचं वायफाय म्हणजे आमचंच, भिंतीपलीकडून ओढलेलं. बाजाराला साप्ताहिक सुट्टी, म्हणून नेटकॅफेही बंद.

मी धावत खाली आले. मॉडेमच्या बटणाला लाल कार्ड. नाव: भोयर.

‘काका, तो फक्त बंद करून चालू करायचा असतो!’

‘घाई काहून करून राहिली? आधी कारन पाह्य, मंग चालू कर. ट्रिप झालं ते उगाच नाही होत.’

‘उगाच नाहीच! हरकतीच्या दिवशीच बरा बंद पडतो? हे ठरवून केलंय.’

‘कोनं?’

‘भांडवलदारांनी.’

काकांनी मॉडेम हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. ‘याच्यासाठी आले होते थे? इतक्या लहान डब्ब्यासाठी?’

मग त्यांनी कस्टमर केअरला फोन लावला. बराच वेळ संगीत वाजल्यावर एक मुलगी बोलली.

‘सर, कौनसी लाइट जल रही है?’

‘एक भी नहीं. टोटल ब्लॅकआउट. आप शिफ्ट इन्चार्ज हो क्या?’

‘सर, मैं कस्टमर केअर से…’

‘तो इन्चार्ज कौन है?’

‘सर, आप मॉडेम एक बार बंद करके चालू कीजिए.’

‘परमिट कौन देगा?’

‘जी?’

‘मैडम, बंद करने का परमिट मेरे पास है. चालू करने का आप देते क्या? नाम बोलो, मैं लिख लेता हूं.’

फोन कट झाला. ‘ट्रेनिंग नाही देत पोरीयले,’ काका हळहळले. कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण न मिळणाऱ्या त्या मुलीबद्दल मलाही कळवळा यायला हवा होता. पण घड्याळ पुढे सरकत होतं आणि मला फक्त काकांचा गळा दिसत होता.

त्यांनी टेस्टर लावला. बोर्डात वीज होती. मग मॉडेमचा अॅडॉप्टर काढून नाकाशी धरला आणि माझ्यापुढे केला. ‘घे वास.’

घेतला. जळक्या रबराचा वास. भांडवलदार निर्दोष सुटले.

‘बारा व्होल्टचा आहे,’ काका चष्मा वर करून अॅडॉप्टरवरची बारीक अक्षरं वाचत म्हणाले. ‘असाच दुसरा पाह्यजे. पिनबी अशीच…’ आणि थांबले.

मीही थांबले. असाच काळा अॅडॉप्टर, अशीच बारीक पिन, देवघराशेजारच्या फळीवर होती. आम्ही दोघांनी तिकडे पाहिलं आणि दोघांनीही लगेच दुसरीकडे पाहिलं.

‘कार्ड आहे तिचं,’ काका म्हणाले.

‘हो,’ मी म्हटलं.

दुसऱ्या कुणाशी मी इथे भांडले असते. गल्लीतल्या म्हाताऱ्यांची बसायची जागा, पोरांचं मैदान, लोकांचा हक्क, सगळे मुद्दे तयार होते. जाहीर सभेत मी ते एका दमात मांडते. पण ‘माह्यं मी येऊन काढीन’ याच्यापुढे कोणता मुद्दा मांडायचा? मी वर गेले आणि मोबाईल घेऊन खिडकीबाहेर वाकून पुन्हा फाइल चढवायला लागले. सत्र समाप्त. पुन्हा. सत्र समाप्त.

खाली आले तेव्हा काका हॉलच्या मधोमध उभे होते. घरात लुंगी-बनियनवर असणारा माणूस पॅन्ट-शर्ट घालून, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावून, पायात बूट चढवून उभा होता. ड्यूटीवर जायचं तसा.

‘शिफ्टले कोन आहे?’ त्यांनी मला विचारलं.

मला एकदम कळलं नाही. मग कळलं.

‘तुम्हीच आहात, काका.’

त्यांनी मान हलवली. स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

‘सुमन.’

त्यांच्या तोंडून हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. ते काकींना ‘अवं’ म्हणायचे, ‘ऐकलं का’ म्हणायचे. ओट्यावर दुपारचं भांडं पालथं होतं. काका तिथे जरा उभे राहिले, उत्तराला जेवढा वेळ द्यावा तेवढे. मग जिन्यापाशी गेले.

‘सुमन.’

मग बाहेर गेले. गेट उघडलं. गल्लीत भाजीची गाडी उभी होती, पलीकडे पोरांचा क्रिकेटचा गलका चालू होता. काकांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. तिसरी हाक त्यांनी मारली की नाही मला माहीत नाही. मारली असेल तर फार हळू मारली.

आत आले आणि शिफ्टचा रिपोर्ट द्यावा तसे म्हणाले, ‘गेटाबाहेर गेली.’

मग ते फळीपाशी जाऊन गाठ सोडायला लागले. काकींची गाठ घट्ट होती. शेजारी कात्री होती. काकांनी कात्रीला हात लावला नाही. नखांनी, थोडं थोडं करत, दोरी सैल करत राहिले. पाच वाजत आले होते. मी आयुष्यात कुणाला घाई लावायची सोडत नाही, आमदारालाही नाही. त्या वेळी मी भिंतीला टेकून उभी राहिले.

गाठ सुटली. कार्ड त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं, अॅडॉप्टर मॉडेमला लावला, स्वतःचं कार्ड काढलं, बटण दाबलं. एक दिवा लागला, मग दुसरा, मग सगळे लुकलुकायला लागले.

‘चढव तुह्यं,’ काका म्हणाले.

हरकत नोंदवली गेली. मुदतीच्या आत, सगळ्या सह्यांसकट. पोर्टलनं माझे आभारही मानले. मी ओरडत खाली आले, ‘गेली! काका, गेली!’ आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आपण काय बोललो ते ध्यानात येऊन जीभ चावली.

काका म्हणाले, ‘हो. झालं ना तुह्यं काम? मंग मॉडेम बंद करू?’

‘करा.’

मला खूप जणांना निरोप पाठवायचे होते. गटावर विजयाची बातमी टाकायची होती. तरी म्हटलं, ‘करा.’

त्यांनी अॅडॉप्टर काढून परत तानपुऱ्याला लावला. फळीवरची धूळ तळहातानं पुसली. बोट बटणावर नेलं आणि थांबले. माझ्याकडे वळून पाहिलं. या घरात मी राहायला आल्यापासून सगळे परवाने त्यांनीच दिले होते.

‘लाइन क्लियर?’ त्यांनी विचारलं.

‘क्लियर, काका.’

तानपुरा आधी खरखरला, मग सुरात आला. वर्षभर मुकं असलेलं ते घर घुमायला लागलं. काका बूट न काढताच खुर्चीत बसले. समोर पेपर नव्हता, तरी पेपर धरल्यासारखे हात वर घेऊन बसले.

‘लागलं वं टर्बाइन,’ ते म्हणाले.

ते मला म्हणाले नव्हते. मी आवाज न करता जिना चढून वर गेले.