केवळाबाईचा दम आणि महाराजांची पांढरी फुलं

एका जंगलात शिंकायला अजून मनाई झालेली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. बाळांनो, नीट सरसावून बसा. ज्यांना सर्दी झाली असेल त्यांनी मागच्या रांगेत बसा.

त्या जंगलात केवळाबाई नावाची एक अस्वलीण राहत होती. मध्यम वयाची, अंगाने भरलेली, बोलायला फटकळ. एकटीच राहायची. तिचं पोट तिच्या श्वासावर चालायचं. तसं सगळ्यांचंच चालतं, पण तिचं जरा जास्त. अस्वलं वाळवी खातात ना! आधी नखांनी वारूळ फोडायचं. मग जोरात फुंकर मारून माती उडवायची. आणि मग भोकाला तोंड लावून असा दम ओढायचा, की आतली वाळवी सरळ घशात. या कामात केवळाबाईचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

जंगलाचा राजा होता वाघ. तसा वाईट नव्हता. पण एकदा तो फिरत फिरत माणसांच्या डांबरी रस्त्यापर्यंत गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्याला कमरेइतकं हिरवंगार गवत दिसलं, आणि त्यावर बारीक बारीक पांढरी फुलं. माणसं त्याला गाजरगवत म्हणतात आणि नाक दाबून पळतात. राजाने फुलं पाहिली. पळणारी माणसंही पाहिली. ती आपल्याला भिऊन पळाली, असं त्याला वाटलं. त्यामुळे ते गवत त्याला फारच आवडलं.

परत आल्याबरोबर त्याने फर्मान काढलं. गाजरगवताचं फूल हे आजपासून राजपुष्प. प्रत्येकाने शेपटीला बी चिकटवून आणायचं आणि आपल्या दारात पेरायचं. हे गवत पेरावं लागत नाही, एकदा आलं की ते जात नाही, हे कुणी राजाला सांगितलं नाही. दोन वर्षांत जंगलात पाय ठेवायला जागा उरली नाही. जिकडे तिकडे पांढरं.

मग शिंका सुरू झाल्या.

केवळाबाईचं आधी नुसतं नाक गळायचं. सकाळी उठल्या उठल्या वीस-पंचवीस शिंका, डोळ्यांची चुरचुर, टाळूला खाज. तिने दुर्लक्ष केलं. पण एक दिवस तिने वारूळ फोडलं, फुंकर मारली, तोंड लावून दम ओढला, आणि वाळवीऐवजी तिच्याच छातीतून बारीक शिट्टी वाजली. तिने पुन्हा ओढला. पुन्हा शिट्टी. आतली वाळवी जागची हलली नाही. केवळाबाई वारुळाला टेकून बसली आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली.

ती नाकाच्या वैद्याकडे गेली. नाकाची वैद्य होती चिचुंद्री. तिने केवळाबाईच्या नाकात आपलं नाक घालून पाहिलं.

"नाकाचं मी बघते. पण छाती वाजते म्हणतेस, ते माझ्याकडे नाही. गळ्याच्या खाली माझी हद्द नाही."

मग ती छातीच्या वैद्याकडे गेली. तो होता गवा. त्याने कान लावून शिट्टी ऐकली आणि मान डोलावली.

"छाती खराब आहे. पण नाक पुसून ये. गळ्याच्या वरचं मी बघत नाही."

"अहो, पण नाक गळायला लागलं की दोनच दिवसांत छाती वाजते. दोन्हींचं मूळ एकच नसेल कशावरून?"

"असेलही," गवा म्हणाला. "पण त्याला तिसरा वैद्य लागेल."

बाळांनो, असा तिसरा वैद्य त्या जंगलात नव्हता. मात्र शिंकांचा आवाज दरबारापर्यंत पोचला होता, त्यामुळे महाराजांनी एक मोठं संशोधन सुरू केलं. 'प्रौढ प्राण्यांतील दमा व नाकगळती : व्यवस्थापनाचा सखोल अभ्यास' असं त्याचं नाव. नाव वाचेपर्यंत निम्म्यांना धाप लागली. संशोधनाचे प्रमुख म्हणून डॉक्टर धनेश या पक्ष्याची नेमणूक झाली. धनेशाची चोच जंगलात सगळ्यात मोठी. ज्याचं नाक एवढं मोठं, त्याला नाकातलं कळत असणारच, असा दरबाराचा हिशेब होता.

संशोधनाचं शिबिर भरलं ते डोंगराच्या माथ्यावर. तिथे हवा चांगली होती. डॉक्टरांना खालच्या हवेत शिंका यायच्या.

"ज्यांना दमा आहे त्यांनी सकाळी दहाच्या आत माथ्यावर हजर राहावं," अशी दवंडी पिटली गेली.

केवळाबाई पहाटे निघाली. चार पावलं चालायची, दगडाला टेकायची. वाटेत तिला म्हातारा ससा भेटला, तो अर्ध्यावरून परत फिरला. दोन सांबरं करवंदीच्या जाळीपाशी बसली ती पुढे आलीच नाहीत. केवळाबाई कशीबशी पोचली. तिथे भेकर नावाचं छोटं हरीण कारकुनाचं काम करत होतं. ते नावं लिहीत होतं आणि मधूनमधून पानावरच शिंकत होतं.

"जे आले नाहीत त्यांचं काय लिहू?" त्याने विचारलं.

"तक्रार नाही, असं लिही," डॉक्टर धनेश म्हणाले.

मग केवळाबाईला प्रश्न विचारले गेले.

"गेल्या चार आठवड्यांत धाप लागल्यामुळे तुमच्या कामात किती अडथळा आला? अजिबात नाही, थोडा, बराच, की सांगता येत नाही?"

केवळाबाईने तोंड उघडलं. चढणीने तिचा दम असा कोंडला होता की शब्दच फुटेना. ती नुसतीच पंजा हलवत राहिली.

"सांगता येत नाही," भेकराने लिहिलं.

असे सत्तर प्रश्न झाले. सत्तरांपैकी एकही गवताबद्दल नव्हता. शेवटी तिला बांबूची एक छोटी नळी मिळाली. नळीत पांढरी पूड, आणि पुन्हा पुन्हा भरायला एक पुडकं वेगळं. औषध चांगलं होतं, बाळांनो, उगाच खोटं कशाला बोलू? जाणत्या म्हाताऱ्या वैदूंनी पिढ्यान्पिढ्या पारखलेलं होतं.

"रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचं," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या रोग्याकडे वळले.

"कसं घ्यायचं?" इतकं विचारण्यापुरता दम केवळाबाईच्या छातीत येईपर्यंत तिला पुढे ढकललं होतं.

ती घरी आली. नळी तोंडाला लावली. आणि अस्वलाच्या जातीला जे जन्मापासून येतं तेच तिने केलं. आधी जोरात फुंकर मारली. सगळी पूड उडाली आणि समोरच्या वारुळावर जाऊन बसली. मग तिने दम ओढला. नळीत काय राहिलं होतं? पण औषध घेतल्याचं समाधान मिळालं.

असं दोन महिने चाललं. समोरच्या वारुळातल्या वाळवीच्या छात्या ठणठणीत झाल्या. केवळाबाई मात्र वाळत चालली. अंगावरचं केसाळ कातडं सैल होऊन लोंबू लागलं. गळालेली मोहाची फुलं आणि बोरं खाऊन ती दिवस काढू लागली. दर पंधरा दिवसांनी भेकर नवं पुडकं द्यायचं आणि विचारायचं, "औषध घेता ना?" ती म्हणायची, "घेते की." भेकर खूण करायचं, शिंकायचं आणि जायचं. घेताना बघायचं कुणाच्या कामात बसत नव्हतं.

एका दुपारी तिचा दम असा कोंडला की ती वारुळापाशीच आडवी झाली. शेजारी गेनूआबा नावाचं म्हातारं साळिंदर राहायचं. ते आवाज ऐकून धावत आलं.

"केवळे! अगं, नळी कुठाय तुझी? घे, घे लवकर."

केवळाबाईने नळी तोंडाला लावली आणि उरलासुरला जीव एकवटून फुंकली. पूड आबाच्या डोळ्यांत गेली.

"अगं बाई, तू फुंकतेस काय?" आबा डोळे चोळत ओरडला.

"आमच्यात आधी फुंकतात," केवळाबाई पुटपुटली.

"ते जेवताना! हे औषध आहे. फुंकायचं असेल तर तिकडे तोंड करून फुंक. मग नळी तोंडात धर. आता ओढ. आणि जरा दम धरून ठेव."

तिने ओढला. धरून ठेवला. आबाने आणखी एकदा घ्यायला लावलं. थोड्या वेळाने तिच्या ओठांचा काळेपणा कमी झाला. आबा तिला हळूहळू आपल्या बिळाकडे घेऊन गेला, कारण तिला एकटं ठेवायची त्याला भीती वाटत होती.

आबाच्या बिळाभोवतीची जमीन उघडी होती. मुळं उकरायची साळिंदरांची सवय जाता जात नाही. गाजरगवताची मुळं कडू लागतात म्हणून तो खात नव्हता, पण उगवलेलं प्रत्येक रोप उपटत होता. केवळाबाई तिथे पंधरा दिवस राहिली. औषध बरोबर घेत होती. आठव्या दिवशी शिट्टी थांबली. बाराव्या दिवशी शिंका थांबल्या. पंधराव्या दिवशी तिने वारूळ फोडलं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली. जेवून झाल्यावर ती थोडी रडली. आबाने न पाहिल्यासारखं केलं.

दुसऱ्याच दिवशी ती डोंगरावर गेली. या वेळी कुठेही न टेकता.

"डॉक्टर, मला गुण आला! औषध ओढायचं असतं, फुंकायचं नसतं. सगळ्यांना एकदा करून दाखवा. आणि ते गवत काढायला सांगा. त्यानेच नाक गळतं आणि नाकामागून छाती भरते."

डॉक्टर धनेशांनी चोच वर केली.

"म्हणजे तुम्ही औषध नियमाप्रमाणे घेतलं नव्हतं?"

"कुणी सांगितलंच नव्हतं."

"नियमावलीत आहे. पान एकशे बारा."

"मला वाचता येत नाही."

"ज्यांना वाचता येत नाही त्यांना अभ्यासात घेऊ नये, हेही नियमावलीत आहे. पान सात." ते भेकराकडे वळले. "हिचं नाव खोडा. गुण आला तोही खोडा."

"आणि गवत?" केवळाबाईने विचारलं.

भेकराने खाली पाहिलं. डॉक्टरांनी आवाज खाली आणला.

"बाई, गवताचा अभ्यास करायला आपल्याला सांगितलेलं नाही. आपण व्यवस्थापन करतो. कारणात जायचं नाही."

केवळाबाई उतरून आली ती तरातरा. तिने नाकाला पळसाचं पान बांधलं, आबानेही बांधलं, आणि दोघांनी मिळून तिच्या दारातलं राजपुष्प मुळापासून उपटून टाकलं.

त्याच आठवड्यात अहवालाचा समारंभ झाला. दरबार पांढऱ्या फुलांनी सजवला होता. डॉक्टर धनेशांनी वाचून दाखवलं, की शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव प्राण्यांची काहीही तक्रार नाही आणि उरलेल्या दोघांना सांगता येत नाही. टाळ्या झाल्या. महाराज आभार मानायला उठले आणि लागोपाठ सात वेळा शिंकले. दरबाऱ्यांनी ती डरकाळी समजून मुजरा केला. महाराजांना मात्र राग आला. त्यांनी तिथल्या तिथे शिंकायला मनाई केली.

मग केवळाबाईला आणि गेनूआबाला उभं केलं.

"राजपुष्प का उपटलंस?"

"श्वास घ्यायला, महाराज."

"संशोधनात तसं काही आलेलं नाही," डॉक्टर धनेश म्हणाले.

महाराजांनी शिक्षा सुनावली. दोघांनाही आजच्या आज नदीपलीकडे हद्दपार करावं. केवळाबाईने एकदा चहूकडे पाहिलं. जन्म या जंगलात गेला होता, इथलं वारूळ न् वारूळ तिच्या ओळखीचं होतं. पण हुकूम तो हुकूम. भेकर त्यांना पोचवायला गेलं.

नदीपलीकडे महाराजांचं फर्मान चालत नव्हतं. तिकडे साधं कुसळी गवत होतं, ऐनाची झाडं होती, तेंदूची होती. पोचवल्याची खूण घेण्यासाठी भेकर पलीकडे उतरलं आणि आबाने आग्रह केला म्हणून दुसऱ्या दिवशीही थांबलं. संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं, की सकाळपासून आपण शिंकलेलो नाही. त्याने नाक वर केलं. कित्येक महिन्यांनी त्याला पाण्याचा वास आला.

ते परत गेलं. आपल्या दारातलं एक रोप उपटलं, ते तोंडात धरून सरळ दरबारात गेलं आणि म्हणालं, "महाराज, माझ्याकडून गुन्हा घडला."

त्याला हद्दपार केलं. दुसऱ्या दिवशी दोन सांबरं रोपं घेऊन आली. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्या सशाला त्याच्या सुनांनी पाठीवर बसवून आणलं, त्याच्या पंजात रोप देऊन. आठवड्याभरात गव्याने आणि चिचुंद्रीने एकाच रोपाला दोन बाजूंनी धरून उपटलं. हद्दीचा वाद त्यांच्यात तेवढ्यापुरता मिटला. नदीच्या अलीकडच्या काठाला रांग लागली. पलीकडच्या काठावर केवळाबाई उभी राहून प्रत्येकाला एकच गोष्ट करून दाखवायची : नळी कशी धरायची आणि दम कसा ओढायचा.

महिन्याअखेर जंगलात महाराज उरले आणि डॉक्टर धनेश उरले. चहूकडे फुलंच फुलं. महाराजांनी लाल डोळे पुसत विचारलं, "डॉक्टर, सगळे गेले कुठे?"

धनेशांनी नवा अहवाल उघडला. त्यात एकच ओळ होती.

"बरे झाले, महाराज. राज्यात आता एकही दमेकरी उरलेला नाही."

तात्पर्य : बाळांनो, दम लागत असेल तर अर्ज करू नये, गुन्हा करावा. अर्जावर संशोधन होतं. शिक्षेची मात्र त्याच दिवशी अंमलबजावणी होते.