घोट्याएवढ्या पाण्याची तपासणी

मुलाला एकटं पाण्यात सोडू नये, हे शहाण्या माणसाला सांगावं लागत नाही. कसं सोडू नये ते मात्र सांगावं लागतं, आणि त्यासाठीच बागेला समिती असते.

समितीने यंदा बागेत मुलांना पाय बुडवून खेळायला तळं बांधलं. पाणी घोट्याएवढं, तळाला निळ्या फरश्या, काठाला बाकं. फलकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सहकुटुंब आनंद घ्या. वय वर्षे सातपर्यंत.' त्याखाली बारीक अक्षरांत, 'मूल उतरवण्यापूर्वी सोबतच्या मोठ्या माणसाने स्वतः पाण्यात उभे राहून खात्री करून घ्यावी.' खात्री पटायला किती वेळ लागावा, ते लिहिलं नव्हतं. (समितीचा मोठ्या माणसांवर विश्वास होता.)

आजी नातीला, टिल्लीला, घेऊन आली ती तळ्याच्या यंदाच्या शेवटच्या दिवशी. आजी लाँड्रीत इस्त्री करायची, सगळा जन्म उभ्याने गेलेला. उन्हाळाभर "नेते गं, नेते" म्हणता म्हणता सुट्टी मिळाली ती आज. आणि टिल्ली पुढच्या उन्हाळ्यात आठ वर्षांची असणार, म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

तळं गच्च भरलं होतं. सलूनवाला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा, शेजारी शाळेच्या मोठ्या बाई, पलीकडे बसचा कंडक्टर. सगळ्यांचे डोळे अर्धे मिटलेले, चेहरे कर्तव्याने जड झालेले. मुलं बाकांवर रांगेने बसली होती.

"काय हो, तळं मुलांचं ना?" आजीने विचारलं.

"तपासतोय," सलूनवाला म्हणाला.

"कधीपासून?"

"घाई करून कसं चालेल, मावशी? पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"पोरं कोरडी आणि हे घोडे पाण्यात," आजी पुटपुटली. "टिल्ले, मी आत्ता पाय घालते नि आत्ता काढते. तू तयार राहा."

आजी उतरली. पाणी गार लागलं. पण एका पायाला गार लागलं म्हणून दुसऱ्याला लागेलच असं नाही, तेही पाहणं आलं. लागलं. मग तिच्या तोंडून असा एक सुस्कारा निघाला, की बागेच्या रखवालदाराने तपासणी सुरू झाल्याचं ओळखलं.

"आजी, झालं?"

"थांब गं. कडेला बरं आहे, पण मध्ये बघायला नको?"

मध्ये मोठ्या बाईंनी सरकून जागा दिली. "फरशी घसरडी आहे का, ते एका जागी उभं राहिल्याशिवाय कळत नाही," त्या फळ्यापुढच्या आवाजात म्हणाल्या.

"खरंय," आजी म्हणाली, आणि एका जागी उभी राहिली.

(उन्हाळ्यात शंभरातल्या शंभर पालकांनी तपासणी सुरू केली. एक बाप अर्ध्यातून बाहेर आला होता, पण तो खुर्ची आणायला.)

"आजी, माझे पाय भाजतायत."

"वर घे ना बाकावर. आणि माझ्या चपला धर गं, तापतील."

उन्हं उतरली. रखवालदाराने शिट्टी वाजवून तळ्याचं बूच काढलं. पाणी घोट्यावरून बोटांवर आलं तरी कुणी हललं नाही. (कमी पाणीही तपासलेलं बरं.) शेवटी फरश्या उघड्या पडल्या, तेव्हा आजी काठाशी आली.

"कसं होतं पाणी?" टिल्लीने विचारलं.

आजीला खोटं बोलवेना. "लहान मुलांसाठी अगदी उत्तम," ती म्हणाली.

टिल्लीने ओल्या फरशीवर अंगठा टेकवून पाहिला.

"ए बाळ, बंद झालं," रखवालदार म्हणाला.

समितीने अभिमानाने जाहीर केलं, की सबंध उन्हाळ्यात तळ्यात एकाही मुलाला साधं खरचटलंही नाही. हे यश पाहून पुढच्या वर्षी घसरगुंडी आणि झोपाळे याच पद्धतीने चालवायचं ठरलं आहे. जबाबदार पालकांनी आत्तापासूनच पोट कमी करायला घेतलं आहे.

हसताय? हसा. फक्त तुमचं पोर कुठे बसलंय ते एकदा वळून बघा. जरा जपूनच बघा, तुमच्या चपला त्याच्या हातात आहेत.