खोलीचे तीन मालक

थोरलीला दोन विद्यापीठांत ॲडमिशन मिळाली. ही बातमी तिने जेवणाच्या टेबलावर सांगितली आणि त्यातलं कोणतं निवडायचं हे घरच्यांनी भाजी वाढून होईपर्यंत ठरवूनही टाकलं.

विषय दोन्हीकडे एकच होता, भूजलशास्त्र. जमिनीखालचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं याचा अभ्यास. पहिलं विद्यापीठ घरापासून चार स्टॉपवर होतं. तिथली फी किरकोळ होती, पण विभागप्रमुख आपल्याच विद्यार्थिदशेतल्या नोट्स अजून वाचून दाखवत आणि प्रयोगशाळेतल्या एकुलत्या एका यंत्रावर 'दुरुस्तीला पाठवायचे आहे' अशी पाटी होती. पाटीवरही धूळ होती. दुसरं विद्यापीठ रात्रभर प्रवास केल्यावर यायचं. तिथे खरीखुरी नदी होती, काठावर विद्यार्थ्यांनी मोजमापं घ्यायच्या विहिरी होत्या आणि थोरलीला अर्धी फी माफ होती. उरलेल्या अर्ध्या फीचं कर्ज बँक देणार होती. मात्र बँकेतल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवून बजावलं होतं, "फीचं आम्ही बघू. मार्जिनचे म्हणजे तुमच्या वाट्याचे पैसे, हॉस्टेल, डिपॉझिट, ते तुमचं तुम्ही उभं करायचं."

"जवळचंच बरं," बाबा म्हणाले.

"मुलीच्या जातीला घरचं जेवण मिळालेलं चांगलं," आजोबा म्हणाले आणि तिच्या कपाळावरची आठी पाहून घाईने पुढे म्हणाले, "मुलांच्या जातीलाही."

"ताई, जमिनीखाली पाणी इथेही असतंच की," धाकटा म्हणाला.

आई जेवत राहिली. ती दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासून आली होती आणि आता घरच्यांनी तिचं पिऊ नये एवढीच तिची अपेक्षा होती.

थोरली हिरमुसून खोलीत गेली. खोली तिची एकटीची होती. दहावीच्या वर्षी 'अभ्यासापुरती' म्हणून मिळालेली, आणि मग बारावी, पदवी असं करत ती तिथे अशी काही चिकटली होती की 'अभ्यासापुरती' हा शब्द सगळे विसरले होते. निदान तिला तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी धाकटा खोलीच्या दारात येऊन उगाच चौकटीला टेकला.

"ताई, समज तू लांबच्या ठिकाणी गेलीस. समज हं. तर ही खोली रिकामी होईल ना?"

"होईल."

"माझा ड्रमसेट मित्राच्या घरी आहे. त्याच्या घरमालकाने आता शेवटचं सांगितलंय. एक तर ड्रम जातील, नाहीतर मित्र." त्याने मागेपुढे पाहिलं. "मी थोडे साठवलेत. तुला दिले, तर खोली माझी?"

थोरलीने अगदी खरं तेच उत्तर दिलं. "माझी काही हरकत नाही." हरकत तिची नव्हतीच. धाकट्याने त्याचा अर्थ 'झाला सौदा' असा घेतला यात तिचा काय दोष?

"फक्त घरात कुणाला बोलू नकोस," जाताना तो म्हणाला.

आजोबांनी तिला बागेत फिरायला नेलं तेव्हाच तिला शंका यायला हवी होती, कारण आजोबा बागेत एकटेच जात. हॉलमधल्या कॉटवर गेली सात वर्षं ते झोपत होते, म्हणजे झोपायचा प्रयत्न करत होते. टीव्ही, बेल, मिक्सर, रात्री उशिरा चप्पल शोधणारा धाकटा, सगळं त्यांच्या उशाशी.

"माझ्या आजारपणासाठी मी एक ठेव ठेवलीय," ते बाकावर बसत म्हणाले. "आता मला सांग, आजारपण कशाने येतं?"

"कशाने?"

"झोप नसल्याने. मग दार लावता येईल अशी खोली मिळाली तर आजारपण टळलं. म्हणजे ते पैसे तुझ्या हॉस्टेलला गेले तरी खर्च योग्य जागीच झाला, हो की नाही?"

इतका बिनतोड युक्तिवाद मोडायला थोरलीचं मन धजावलं नाही. 'धाकट्याला आधी' एवढे दोन शब्द तिच्या ओठांवर आले होते, पण तेवढ्यात आजोबा म्हणाले, "घरात कुणाला बोलू नकोस." आज्ञाधारक नात गप्प बसली.

इथपर्यंत तिच्या बाजूने काही बोलता तरी येईल. पण बाबांच्या बाबतीत मात्र ती सरळसरळ शिकारीलाच निघाली. मार्जिनचे पैसे अजून कमी पडत होते आणि बाबांना जुने रेडिओ दुरुस्त करायचा नाद होता. घरात एकवीस रेडिओ होते. त्यातले चार वाजत आणि बाकीचे वाजण्याच्या बेतात असत. त्यांचे स्क्रू मिठाच्या बरणीपर्यंत पोचल्यापासून आईने जेवणाच्या टेबलावर रेडिओबंदी जाहीर केली होती. बाबा आता बाल्कनीत बादली उपडी घालून त्यावर काम करत.

थोरली बाल्कनीत जाऊन उभी राहिली. "बाबा, तुम्हाला खरं म्हणजे एक मोठं टेबल हवं."

"ठेवू कुठे, डोक्यावर?"

"तेही खरंच," थोरलीने सुस्कारा सोडला. "माझ्या खोलीत आहे तसं. खिडकीजवळ. वर दिवा. पण मी इथेच शिकणार ना आता. चार स्टॉपवर."

बाबांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर हवेतच थांबला. त्यांनी समोरच्या उघड्या रेडिओचं झाकण लावून टाकलं.

"मी काय म्हणतो," शेवटी ते म्हणाले, "मुलांनी जग बघायला पाहिजे."

"पण तुम्हीच तर..."

"ते सगळ्यांसमोर. किती कमी पडतायत? आणि हे बघ, आईला बोलू नकोस."

आईकडे जायचं धाडस तिने केलं नाही. नुसत्या डोळ्यांकडे बघून कुणाचं हिमोग्लोबिन किती ते ओळखणाऱ्या बाईसमोर खोटं फार वेळ टिकत नाही.

शुक्रवारी थोरलीने डिपॉझिट भरलं, हॉस्टेलचे पैसे पाठवले, बँकेतल्या बाईंना मार्जिन दाखवलं आणि चार स्टॉपवरच्या विद्यापीठाला आभाराची मेल केली. रात्रीच्या जेवणाला तिने निर्णय जाहीर केला तेव्हा तीन पुरुषांनी "बरं, तुझी इच्छा" असं इतक्या एका सुरात म्हटलं की आईने पाण्याचा पेला खाली ठेवून तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

पुढचा बेत सोपा होता. गाडीत बसायचं, गाडी सुटू द्यायची आणि मग फोन करून तिघांना तिघांबद्दल सांगायचं. या बेतात एकच खोट होती. गिऱ्हाईक पैसे मोजल्यावर माल बघायला येतं.

रविवारी आई लॅबमध्ये गेली. बाबा 'जरा बाजारात' गेले, धाकटा 'मॅचला' गेला. थोरली खोलीत बॅग भरत बसली. घर रिकामं बघून आजोबांनी खालच्या सुताराला वर बोलावलं आणि दोघांनी मिळून हॉलमधली कॉट तिच्या दारापर्यंत ढकलत आणली.

"आजोबा, आत्ताच? मी अजून गेलेही नाही!"

"नुसतं माप बघतोय. बसते का ते."

कॉट तिरकी केली, अर्धी आत गेली, मग करकरली. सुताराने खांदा लावला, कमरेवर हात ठेवले आणि निकाल दिला. "बसली."

"आत?"

"दारात. आता पुढे नाही आणि मागेही नाही. मोठी पकड लागेल, घेऊन येतो." तो गेला. थोरली आत, आजोबा बाहेर, मध्ये कॉट.

त्याच वेळी जिन्यात धडामधुडूम आवाज झाला. धाकटा आणि त्याचा मित्र ड्रम घेऊन आले होते. त्यांच्या मागून बाबा आले. बाजारात ते गेलेच नव्हते, शेजारच्या इमारतीतून एक लांबलचक फळी मागून आणली होती, रेडिओंच्या मांडणीसाठी. दारात अडकलेल्या कॉटसमोर आजोबा, बाबा आणि धाकटा एकमेकांकडे बघत उभे राहिले. मित्राने ड्रम अलगद खाली ठेवला आणि तो चपला पायात न घालता, हातात घेऊन पसार झाला.

"आजोबा, माझ्या खोलीत तुमची कॉट कशी?"

"तुझी खोली? मी ठेव मोडलीय तिच्यासाठी!"

"एक मिनिट," बाबा म्हणाले, "मार्जिन मी दिलंय."

मग तिघांच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला आणि तिघांनी कॉटच्या वरून आत पाहिलं. थोरलीने बॅगेतल्या एकाच मोज्याची तिसऱ्यांदा घडी केली. पळायला खिडकी होती, पण मजला तिसरा होता.

"मी कुणालाच खोली देते असं म्हटलं नव्हतं," ती बारीक आवाजात म्हणाली. "फक्त हरकत नाही म्हटलं."

"पैसे परत कर!" तिघं म्हणाले. पुन्हा एका सुरात.

"भरले सगळे. डिपॉझिट परत मिळत नाही."

यावर जो गोंधळ झाला त्यात कोण काय म्हणालं ते खालच्या मजल्यावर जास्त स्पष्ट ऐकू गेलं. आजोबांनी वय काढलं, बाबांनी घराचे हप्ते काढले, धाकट्याने आयुष्यभर बाल्कनीत झोपवल्याचा हिशोब काढला. शेवटी वैतागून बाबा म्हणाले, "कुणालाच नको खोली! तू जाऊच नकोस!" आणि थोरलीच्या डोळ्यांत पहिल्यांदाच खरं पाणी आलं. नदी, विहिरी, सगळं त्या कॉटपलीकडे राहिलं असं तिला वाटलं.

"ती जाणार," मागून आवाज आला.

लॅबमधून परतलेली आई बाहेरच्या दारात उभी होती. तिने खांद्यावरची पर्स काढली, ड्रम ओलांडला, फळीखालून वाकून पुढे आली आणि बाबांच्या खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून कॉटचे पाय खोलायला बसली.

"कुणी किती दिले?" तिने पहिला स्क्रू फिरवत विचारलं.

तिघांनी आकडे सांगितले. आईने दुसरा पाय काढला.

"माझं रिकरिंग पुढच्या आठवड्यात सुटतंय. तिघांचे पैसे मी देते. खोली माझी."

कॉट खट्टकन सुटून खाली बसली.

"अगं, पण तुला कशाला हवी खोली?" बाबांनी विचारलं. "काय करणार आहेस तू तिथे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. दार लावून बसणार आहे."

आजोबा कॉटचे सुटे झालेले पाय गोळा करू लागले. धाकटा गुपचूप ड्रम उचलून बाहेर ठेवून आला.

थोरलीने कॉटवरून उडी मारून आईला मिठी मारली. "आई, आणि मी सुट्टीत आले की कुठे झोपू?"

"हॉलमध्ये." आईने हातातले स्क्रू मोजून बाबांच्या तळहातावर ठेवले, खोलीत नजर फिरवली, खिडकी उघडली, पुन्हा लावली. मग लेकीला जरा बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कोर्स दोनच वर्षांचा आहे ना गं?"

"हो."

"त्याच्यापुढे पीएचडी असते म्हणे. गेल्या गेल्या चौकशी करून ठेव."