परबभाईंची उसनी झोप

लालबागच्या चाळीत बिऱ्हाड केल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी आंघोळ करून बाहेर आलो, तो आमच्या दिवाणावर एक अगडबंब, अनोळखी गृहस्थ घोरत पडलेला. मी टॉवेलनिशी जागीच थिजलो. पत्नी स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, "शेजारचे परबभाई. वजन उतरवतायत."

खुलासा संध्याकाळी झाला. भाईंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया अडली होती. "आधी वजन उतरवा," असे डॉक्टरांनी बजावले होते. भात सुटला, वडे सुटले, काटा ढिम्म. शेवटी डॉक्टरांनी विचारले, "झोप होते का? अपुऱ्या झोपेने भूक वाढते." तेव्हापासून भाईंनी झोपेला औषध मानले. फक्त ते औषध त्यांना स्वतःच्या खोलीत लागू पडत नसे.

शेजारचे दार उघडे दिसले की भाई आत. "वहिनी, चालू द्या तुमचं. मी फक्त झोपतो." अशा प्रसंगी काय बोलावे, हे माझ्या शिक्षणात कुठेच आले नव्हते. मी माझ्याच घरात चवड्यांवर चालू लागलो.

वजन ते आठवड्यातून एकदा, कठडा धरत कसेबसे उतरून, तळमजल्यावरच्या मसाले कांडायच्या डंकावर, मिरच्या जोखण्याच्या काट्यावर करीत. डंकवाला हसे, "भाई, मिरची सुकली की हलकी होता. तुमी कधी होतलास?"

"झोपू दे रे पुरतं!" शिंकत शिंकत भाई उत्तर देत. आणि काय आश्चर्य, काटा खरोखरच थोडा खाली येऊ लागला होता!

मग पत्नी माहेरी गेली. दुपारी नेहमीप्रमाणे भाई आले, आडवे झाले. पण घोरणे ऐकू येईना. डोकावलो, तर डोळे टक्क उघडे.

"पंखा वाढवू, भाई?"

"पंखा नको. घर गप्प आहे, साहेब." छताकडे पाहतच ते म्हणाले, "आमची ही वारल्यापासून माझ्याकडे असंच असतं. रात्रभर जागा. उठतो, काहीतरी खात बसतो. पलीकडे कोणी वावरतंय असं कानावर आलं, तरच डोळा लागतो. एकदा गुडघे होऊ द्या, मग रोज खाली उतरेन, चार माणसांत बसेन. नाही येणार कोणाच्या दारी."

मला धक्काच बसला. या माणसाला मी इतके दिवस निर्लज्ज समजत होतो. मी स्वयंपाकघरात गेलो आणि मांडणीवरची स्वच्छ भांडी मोरीत आदळून घासायला घेतली.

कढई घासून होईतो बाहेरून घोरणे सुरू झाले. मी ती विसळली आणि पुन्हा घासायला घेतली.