लहानूनाना आणि रिकामं होणारं पुणं

आमच्या कॉलनीत घरसामानाचा टेम्पो वळला, की लहानूनाना भरल्या ताटावरून उठतात आणि त्याला आडवे होतात. ड्रायव्हर करकचून ब्रेक दाबतो. नाना आधी मागचं सामान बघतात. गादी आहे का, फ्रीज आहे का, तुळशीची कुंडी आहे का. मग विचारतात, "कुठून? पुन्याहून ना?"

ड्रायव्हर म्हणतो, "न्हाई, राहुरीहून."

"बरं. जा," असं म्हणून नाना बाजूला होतात. जणू त्यांच्या परवानगीशिवाय नगरच्या या सावेडीत कुणी राहायला येऊच शकत नाही.

नाना नागापूरच्या एमआयडीसीत फिटर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण शर्टाच्या खिशात मोजायचा टेप अजून असतो आणि डोक्यात एकच सिद्धांत. पुणं रिकामं होणार.

"मी सांगतो, ग्रॅज्युएट," ते मला म्हणतात. आमच्या घरात पहिली बी.कॉम. मी झाले, त्याचा मला आहे तेवढाच अभिमान कॉलनीत फक्त नानांना आहे. "पुन्यात दोनच मानसं उरनार. एक लई पैसेवाला, आन् दुसरा त्याची गाडी धुनारा. मधला मानूस परत येनार."

मी कॉलेजात शिकलेलं अर्थशास्त्र बाहेर काढते. "नाना, नोकऱ्या तिकडं, मोठे दवाखाने तिकडं. शहर वाढतच जाणार."

"वाढतं तर गळूबी. शेवटी फुटतंच ना?"

आतून काकू ओरडतात, "तुमचा मधला मानूस यील तवा यील. आधी दळन आना!"

एकदा खरंच पुण्याहून टेम्पो आला. नानांनी स्वतः गादी खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचवली, ड्रायव्हरला चहा पाजला आणि कॉलनीभर सांगत सुटले, "सुरुवात झाली!" नंतर कळलं, ते बदलीवर आलेले बँकेतले साहेब. बायकापोरं पुण्यातच. शुक्रवारी संध्याकाळी साहेब जे पळतात, ते सोमवारीच उगवतात. नाना डगमगले नाहीत. "आज साहेब आला. उद्या बिऱ्हाड यील."

या मधल्या माणसासाठी नानांनी घरावर मजला चढवलाय. भाडेकरू विचारायला येतात, पण नाना कुणालाच देत नाहीत. "राखीव हाय," एवढंच सांगतात. कॉलनीतली माणसं हसतात, मीही हसते. कारण मधल्या माणसाचं नाव सगळ्यांना माहीत आहे. संतोष, नानांचा एकुलता एक मुलगा. पुण्यात कंपनीत आहे, कोथरूडला भाड्यानं राहतो. यंदा कंपनीनं त्याला घरून काम करायची मुभा दिली. तो म्हणाला, "नगरला यायचं का पुण्यातच घर घ्यायचं, दिवाळीत सांगतो." तेव्हापासून नाना एकही टेम्पो विचारल्याशिवाय सोडेनात.

मजला बांधायच्या आधी नाना एकदा संतोषकडं राहून आले होते. तिथं त्यांनी स्वयंपाकघरात टेप काढून ओटा मोजला. सून स्नेहल बघतच राहिली. "बाबा, काय मोजताय?"

"काय न्हाई. सवय."

काकूंनी ही गोष्ट आम्हाला हसून हसून सांगितली. "लेकाच्या घरात खोट काढायला गेल्ते, दुसरं काय!"

दिवाळीला संतोष आला आणि सांगून गेला. घर घेतलं. पुण्याच्या टोकाला, वाघोलीला. कोथरूडमध्ये घेणं झेपेना.

तो गेला त्या दुपारी काकूंनी मला हाक मारली. "सकाळधरनं वर बसलेत. मी बोलले तर खेकसत्यात. तू जा बाई जरा."

मी वरच्या मजल्यावर पहिल्यांदाच गेले. नाना टाचा उंचावून फडक्यानं ओटा पुसत होते. कुणी कधी चहासुद्धा न केलेला ओटा. आणि चांगलाच उंच. नाना बुटके, काकू त्यांच्याहून बुटक्या. इथं भाकरी थापायची तर काकूंना पाटावर उभं राहावं लागेल.

"नाना, गवंडी चुकला वाटतं."

"गवंडी कशाला चुकंल? मी उभा हुतो." ते पुसतच राहिले. "सूनबाई उंच हाय. तिकडं सारखी वाकून कंबर धरायची. तो ओटा तिला चार बोटं कमी पडतोय."

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. नाना हलले नाहीत.

"ग्रॅज्युएट, वाघोली कुठं आली गं?"

"नगर रोडला."

"म्हंजी कोथरूड सोडून कुनीकडं निघाला?"

"आपल्याकडं," मी म्हणाले.

"मग? मधला मानूस निघाला का न्हाई?"

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण शिकलेलं तोंड. "नाना, पुणं रिकामं नाही झालं. वाघोलीपर्यंत वाढलं."

नानांचा हात थांबला. एवढी वर्षं मांडलेला सिद्धांत मी खोडला होता, ते आता माझ्यावर खेकसणार असं वाटलं.

"वाढू दे," ते म्हणाले. "वाघोली झाली, आता शिक्रापूर, मग शिरूर, मग सुपं. हितपर्यंत वाढलं तरी चालंल."

आणि पुसून झालेला कोपरा पुन्हा पुसायला लागले.